पडद्यावरचा 'ध'चा 'मा'

इ.स. २०२५ च्या उन्हाळ्यातील गोष्ट आहे. पदवी वर्गातील विद्यार्थ्यांस मी एक निबंध लिहावयास सांगितला होता. छत्रपती संभाजी महाराज इ.स. १६८९ च्या फेब्रुवारीत संगमेश्वरी मुकर्रबखानाच्या हाती कसे सापडले, ह्याविषयी साधनांवरून काय सांगता येते आणि काय सांगता येत नाही, असा विषय होता. वर्गातील एका चांगल्या, वाचनाची आवड असलेल्या मुलाने सहा पाने लिहून आणली. फितुरी कोणी केली, कोणत्या शब्दांत केली, त्या वेळी फितुराच्या तोंडावर कोणता भाव होता, हे सर्व त्याने इतक्या निःशंकपणे लिहिले होते की जणू काय तो त्या खलबतास जातीने हजर होता. मी त्यास बोलावून विचारले, "हे कशावरून लिहिलेस?" तो क्षणभर गोंधळला आणि म्हणाला, "सर, दाखवलंय ना तसं!"

'दाखवले आहे' हा प्रयोग मोठा चमत्कारिक आहे. त्यात कर्ता गुप्त असतो. 'सभासद लिहितो' असे म्हटले की सभासद कोण, तो केव्हा लिहितो, कोणासाठी लिहितो, हे प्रश्न आपोआप पाठीमागून येतात. 'आजोबा सांगत असत' म्हटले तरी आजोबांचा स्वभाव ठाऊक असल्यामुळे ऐकणारा त्यातील रुपयाचे बारा आणे धरतो. 'दाखवले आहे' म्हटले म्हणजे मात्र चौकशीचे दारच बंद होते. डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीला पुरावा कसला मागावयाचा?

त्या मुलावर रागावण्याचा मला अधिकार नव्हता, आणि ह्या लेखास खरे निमित्त तेच झाले. शाळकरी वयात शनिवारच्या संध्याकाळी शेजाऱ्यांच्या ओटीवर दाटीवाटीने बसून दूरदर्शनवर मी प्रभातचा 'रामशास्त्री' पाहिला. हा चित्रपट इ.स. १९४४ चा, गजानन जागीरदारांचा रामशास्त्री ज्याने एकदा पाहिला तो तो सहसा विसरत नाही. मीही विसरलो नाही, आणि त्यातच घोटाळा झाला. पुढे अध्यापनाच्या पहिल्याच वर्षी नारायणराव पेशव्यांचा वध शिकविताना आनंदीबाईने 'ध'चा 'मा' केल्याची हकीगत मी एखाद्या तहाच्या कलमाप्रमाणे वर्गात सांगून टाकली. तास संपल्यावर एका वृद्ध सहकाऱ्यांनी मला बाजूस घेतले आणि एवढेच विचारले, "ती चिठी तुम्ही कोठे पाहिलीत?" मी ती कोठेच पाहिली नव्हती. कोणीच पाहिलेली नाही.

प्रसंग सर्वांच्या परिचयाचा आहे, तरी त्यातील ठाम भाग कोणता आणि भुसभुशीत कोणता, हे एकदा निवडून घेतले पाहिजे. ३० ऑगस्ट १७७३ रोजी, गणेशोत्सवाच्या दिवसांत, थकलेल्या पगाराचा तगादा करीत गारदी शनिवारवाड्यात शिरले आणि त्यांनी कोवळ्या वयाच्या पेशव्यास चुलत्याच्या देखत कापून काढले. रघुनाथराव तेव्हा त्याच वाड्यात नजरकैदेत होते. रामशास्त्री प्रभुण्यांनी चौकशी केली, रघुनाथरावांस दोषी ठरविले आणि अशा धन्याची चाकरी नको म्हणून ते पुणे सोडून गेले. येथवर पाय जमिनीवर आहेत. आता चिठीकडे वळू. रघुनाथरावांनी नारायणरावास 'धरावे' अशी आज्ञा लिहिली आणि तिचे कोणी 'मारावे' केले, ही हकीगत ग्रँट डफने इ.स. १८२६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात आहे. वधास तोवर त्रेपन्न वर्षे लोटली होती. बरे, तो फेरफार आनंदीबाईने केला ह्यास डफसाहेबाने आधार काय दिला? तर सर्व लोक तसे मानतात, हा! मूळ चिठी आज उपलब्ध नाही. आपण ही गोष्ट लहानपणापासून बाळबोध अक्षरांत ऐकत आलो, म्हणून एका काना-मात्रेची ती करामत आपणास इतकी सोपी वाटते; चिठी असेलच तर ती मोडीत असणार, हेदेखील बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. एवढ्या आधारावर एका स्त्रीस खुनी ठरवून आपण तिच्या नावाने एक वाक्प्रचार भाषेत कायमचा ठेवून दिला. पुढे दहा वर्षे वैधव्य भोगून ती इ.स. १७९४ मध्ये नाशिकजवळ आनंदवल्लीस मेली. तिने तो फेरफार केला नसेल असे माझे म्हणणे नाही. केला असेल. महत्त्वाकांक्षी होती, नवऱ्यास राज्य मिळावे ही तिची इच्छा होती. पण 'केला असेल' आणि 'केला' ह्या दोहोंत जे अंतर आहे तेवढ्याच अंतरात न्यायाधीश राहतो आणि इतिहासकारही राहतो. मौज पाहा: मराठी चित्रसृष्टीने न्यायनिष्ठुरतेचे स्तोत्र म्हणून जो चित्रपट काढला, तो पाहून उठलेल्या माझ्यासारख्या बालकाच्या मनात आनंदीबाईच्या अपराधाविषयी यत्किंचितही शंका उरली नव्हती. पुराव्यावाचून बोलू नये असे ज्या शास्त्रीबुवांचे व्रत, त्यांच्याच आसनासमोर हे घडले.

ऐतिहासिक चित्रपटावर माझा मुख्य आक्षेप आहे तो हा. तो खोटे सांगतो, असा नव्हे; खोटे सर्वच सांगतात. तो 'बहुधा' खातो. साधनांमध्ये ज्या ठिकाणी 'म्हणतात', 'असावे', 'एका पत्रावरून दिसते', 'दुसऱ्या पत्राशी मेळ बसत नाही' अशी अडखळती भाषा असते, त्या ठिकाणी पडद्यावर एक माणूस उभा असतो, त्याच्या हातात बोरू असतो, समई जळत असते आणि अक्षर बदलले जाते. छायायंत्रास शंका टिपता येत नाही. निदान आपल्याकडील चित्रपटकारांनी ती कधी टिपू दिलेली नाही.

ह्यावर चित्रपटाचे कैवारी म्हणतील, हा अपराध आमचाच कसा? बखरकारांनी हेच केले, शाहिरांनी केले, हरिभाऊ आपट्यांनी कादंबरीत केले, खाडिलकरांच्या 'भाऊबंदकी'ने इ.स. १९०९ मध्ये हाच आनंदीबाईचा प्रसंग रंगभूमीवर आणला, तेव्हा कोणी प्राध्यापक काठी घेऊन धावले नव्हते. आक्षेप वजनदार आहे. तथापि माध्यमामाध्यमांत फरक असतो. बखर ऐकणारा चित्र स्वतः रंगवीत असे, आणि आपण रंगविलेले चित्र आपलेच आहे हे मनाच्या कोपऱ्यात त्यास ठाऊक असे. नाटकात रंगविलेला पडदा वाऱ्याने हलतो. हे खरे शनिवारवाड्यात घडले असेल असे मानणारा प्रेक्षक कोणी नव्हता. चित्रपटात मात्र खरा घोडा असतो, खरा चिखल असतो, जखमेतून खऱ्यासारखे रक्त येते. आमचे समीक्षक चित्रपटाची ऐतिहासिकता तपासतात ती कशी? अंगरख्याचे बंद उजवीकडे की डावीकडे, पगडीचा घाट कोणत्या काळचा, तलवारीची मूठ कशी! ह्या तपासणीने हित न होता उलट हानीच होते, असे माझे मत आहे. बंद जितके अचूक, तितका बंदांच्या आतल्या माणसावर विश्वास अधिक. पैठणीचा काठ संशोधन करून विणवून घ्यावा, आणि ती नेसलेल्या स्त्रीच्या तोंडी जे वाक्य घालावयाचे त्यास कागदाचा कपटाही आधार नसावा, असा हा उलटा व्यापार आहे.

एकदा डोळ्यांत बसलेले चित्र पुसणे किती कठीण असते, ह्याचे उदाहरण आपल्या इतिहाससंशोधनातच आहे. शिवाजी महाराजांचे म्हणून जे चित्र आपल्याकडे घरोघर लागले होते ते वस्तुतः इब्राहीमखान नावाच्या एका सरदाराचे होते. वा. सी. बेंद्रे ह्यांनी परिश्रमपूर्वक खरे चित्र शोधून इ.स. १९३३ मध्ये ते महाराष्ट्रासमोर ठेवले, तेव्हा कोठे चूक उमगली. ते तर एकच स्थिर चित्र होते. जे चालते, बोलते, रडते आणि दर सुट्टीच्या दिवशी घरात पुन्हा दिसते, ते पुसण्यास किती बेंद्रे लागतील?

सिंहगडाचेच पाहा. मराठी चित्रपट बाल्यावस्थेत असताना इ.स. १९२३ मध्ये बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरास 'सिंहगड' काढला. हरिभाऊंची कादंबरी त्यास आधार होती. तरुण शांताराम त्यात शेलारमामा झाले होते. मूकपट होता, म्हणून त्यात खोटी वाक्ये तरी नव्हती! त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, इ.स. २०२० मध्ये, तोच विषय 'तान्हाजी' ह्या नावाने हिंदी पडद्यावर आला. त्याच्या इंग्रजी उपनावाचा अर्थ, ज्याचे गुणगान झाले नाही असा वीर! तुळशीदास शाहिराचा पोवाडा ज्याच्यावर आहे, ज्याच्या मरणाची म्हण आमच्या पोरासोरांच्या तोंडी आहे, त्यास हे विशेषण लावणाऱ्यांनी महाराष्ट्रात कोणास विचारले होते, देव जाणे. चित्रपटाचा सारा पेच 'नागीण' नावाच्या एका प्रचंड तोफेभोवती रचलेला आहे. ती तोफ कोंढाण्यावर चढविली जात आहे, तिचे तोंड राजगडाकडे होणार आहे, म्हणून गड घेतला पाहिजे. ही तोफ कोणत्याही साधनात नाही. उदेभान राठोड हा मोगलांच्या चाकरीतील एक रजपूत किल्लेदार. त्याचा येथे नरराक्षस झाला आहे. घोरपडीचे मी काही म्हणत नाही. सभासदाच्या बखरीत घोरपड नाही, ती पोवाड्यातून आली; पण पोवाड्याची घोरपड ही लोकांच्या प्रेमाची घोरपड आहे, तिला राहू द्यावे. तोफ कोणाच्या प्रेमातून आली? ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री काही शे माणसे अंधारात कडा चढून गेली आणि त्यांचा नायक पडला तरी त्यांनी गड घेतला, एवढ्याने ज्यांचे समाधान होत नाही, त्यांस तानाजीचा पराक्रम कमी वाटतो असेच म्हणावे लागेल.

किंबहुना पराक्रम म्हणजे काय हेच ह्या चित्रपटांस उमगलेले नाही. पहिल्या बाजीरावाची खरी थोरवी पाहावयाची तर पालखेड पाहावे. इ.स. १७२८ मध्ये निजामासारख्या मुरब्बी माणसास त्याने दौडीवर दौड करून थकविले, मुलखातून फिरविले, त्याचे दाणापाणी तोडले आणि पाण्याच्या दुर्भिक्षाच्या जागी आणून कोंडले. मोठी लढाई न लढता जिंकलेली ही मोहीम आहे; निजामाने मार्चमध्ये मुंगी-शेवगावास तह केला. ह्यात नायक हत्तीवर उडी मारीत नाही. तो रसदेचा हिशेब करतो, घोड्यांना उसंत केव्हा द्यावी हे ठरवितो, आणि कर्ज काढतो! बाजीरावाने ब्रह्मेंद्रस्वामींस लिहिलेली पत्रे ज्याने वाचली आहेत त्यास ठाऊक आहे की हा दिग्विजयी पुरुष सावकारांच्या तगाद्याने किती गांजलेला होता. त्याच्या शनिवारवाड्यास प्रथम खर्च आला सोळा हजारांवर काही रुपये. इ.स. २०१५ च्या 'बाजीराव मस्तानी'तील आरसेमहाल पाहून हा पेशवा कर्जबाजारी होता असे कोणी म्हणेल काय? काशीबाई आणि मस्तानी ह्यांनी जोडीने पिंगा घातला म्हणून महाराष्ट्रात केवढे वादळ उठले. मला त्या पिंग्याचे फारसे दुःख झाले नाही. वाईट अभिरुचीचा तो एक प्रसंग, विसरता येतो. दुःख झाले ते ह्याचे की तीन तासांत त्या माणसाचे काम कोठेच दिसले नाही. दिसले ते त्याचे प्रेम आणि त्याची तलवार. चाळीस वर्षांचे आयुष्यही न लाभलेला हा माणूस खोगिरावर बसून राज्य कसे चालवीत होता, हे समजून घेण्याची इच्छा ज्या मुलास होती त्यास चित्रपटगृहातून रिक्तहस्तच परतावे लागले.

पानिपताची कथा तर ह्याहून करुण. राजवाड्यांनी इ.स. १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' ह्या मालेचा आरंभ केला तो पानिपतच्या काळातील पत्रांनी. त्र्यं. शं. शेजवलकरांनी त्या रणाचा सबंध ग्रंथ इ.स. १९४६ मध्ये लिहिला. ह्या कागदांतून काय दिसते? भूक दिसते. ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा घेतला, तेव्हा धान्य मिळाले. पण अब्दाली यमुना उतरून पाठीमागे आला आणि दिल्लीची वाट तुटली. नोव्हेंबरपासून दोन अडीच महिने दोन छावण्या समोरासमोर. डिसेंबरात रसद पोहोचविण्याच्या खटपटीत असलेले गोविंदपंत बुंदेले मारले गेले. छावणीत यात्रेकरू, बायकामुले, बुणगे. घोड्यांना चारा नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी जे सैन्य खंदकाबाहेर पडले ते उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू म्हणून बाहेर पडले. ह्या भुकेत शोकांतिकेचे सर्व सामर्थ्य आहे. इ.स. २०१९ च्या 'पानिपत'मध्ये भूक नाही असे नाही. ती येते आणि जाते, गाण्याबजावणीच्या मधल्या जागेत. शेवटी आठवतो तो भाऊसाहेबांचा पार्वतीबाईंवरील अनुराग. ज्या पराभवाचा विचार महाराष्ट्र अडीचशे वर्षे करीत आला, त्याचे कारण पडद्यावर 'दगा' ह्या एका शब्दात उरकले. वरून सूरजमल जाटाचे चित्रण पाहून राजस्थानात क्षोभ झाला, तेव्हा निर्मात्यांनी काही दृश्ये निमूटपणे कापून टाकली. दृश्ये साधनांवर आधारलेली असती तर कापली का? आणि नसती तर आधी घातली का? ह्याचे उत्तर कोणी दिले नाही. देण्याची गरजही कोणास वाटली नाही.

आता पुन्हा त्या मुलाच्या निबंधाकडे येतो. संभाजी महाराजांच्या बाबतीत आपल्या समाजाने जी दोन टोके गाठली ती पाहण्यासारखी आहेत. गडकऱ्यांच्या अपुऱ्या 'राजसंन्यास' नाटकातील संभाजी विलासी होता. भालजी पेंढारकरांच्या इ.स. १९४१ च्या 'थोरातांची कमळा'त तो प्रेमकथेचा नायक झाला. मग बेंद्र्यांनी सुमारे चाळीस वर्षे खपून इ.स. १९६० मध्ये संभाजीचे चरित्र सिद्ध केले, कमल गोखल्यांनी इ.स. १९७१ मध्ये आपला प्रबंध प्रसिद्ध केला, आणि जुने विकृत चित्र कागदांच्या जोरावर मोडून पडले. मराठी संशोधनाच्या इतिहासातील हा एक उज्ज्वल अध्याय आहे. शिवाजी सावंतांची 'छावा' कादंबरी त्यानंतर, इ.स. १९७९ मध्ये, आली आणि तिच्यावरून इ.स. २०२५ चा हिंदी चित्रपट निघाला. म्हणजे चित्रपटास संशोधकांचा निष्कर्ष आयता मिळाला. परंतु निष्कर्ष घेताना त्याने वाट टाकून दिली. बेंद्र्यांनी ज्या शंकेखोरपणाने जुने चित्र मोडले तो शंकेखोरपणा नव्या चित्रास लागू होत नाही, असा त्याने समज करून दिला. संगमेश्वरची खबर शत्रूस कोणी दिली, ह्याविषयी समकालीन साधने एकमुखाने एकाचे नाव घेत नाहीत. चित्रपटाने मात्र शिर्के बंधूंची नावे घेऊन, त्यांची तोंडे दाखवून निकाल दिला. पुढे शिर्के घराण्यातील मंडळींनी हरकत घेताच दिग्दर्शकाने जाहीर दिलगिरी व्यक्त केली. ही दिलगिरी मला मूळ चुकीपेक्षाही अधिक खुपली. आनंदीबाईचे वंशज मोर्चा घेऊन आले नाहीत, म्हणून तिची दिलगिरी कोणी मागावयाची?

ह्या चित्रपटानंतर दोन गोष्टी घडल्या, त्यांपैकी एक हसण्यासारखी वाटते. इ.स. १६८१ च्या आरंभी मराठ्यांनी बुऱ्हाणपूर लुटले, त्या लुटीने चित्रपटाचा प्रारंभ होतो. तेथे मोगलांचा खजिना होता असे त्यात सांगितले आहे. मार्च २०२५ मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडच्या पायथ्याशी आसपासच्या गावांतील माणसे रात्री बॅटऱ्या घेऊन सोन्याच्या मोहरांसाठी शेते खणू लागली. वर्तमानपत्रांत त्या खड्ड्यांची छायाचित्रे आली. 'दाखवले आहे' ह्या वाक्याचा ह्याहून सरळ अर्थ कोणी केला नसेल. दुसरी गोष्ट हसण्यासारखी नाही. त्याच महिन्यात औरंगजेबाची खुलदाबादची कबर काढून टाका अशी ओरड उठली, आणि १७ मार्च रोजी नागपुरात दंगल होऊन रक्त सांडले. चित्रपटामुळे औरंगजेबाविषयीचा लोकांचा राग उसळून आला, असे खुद्द मुख्यमंत्र्यांनी विधिमंडळात सांगितले. एका चित्रपटाने दंगल होते असे मी मानत नाही. त्यास पुष्कळ हात लागतात. पण औरंगजेबाच्या क्रौर्याविषयी साधनांत जे आहे ते तीनशे वर्षे ग्रंथांत होतेच. संभाजी महाराजांच्या हालांचे वर्णन वाचून कोणाही मराठी माणसाचा कंठ दाटून येतो, आणि तसा तो यावा. वाचणारा मनुष्य मात्र आधीची व नंतरची पाने वाचतो. औरंगजेबाच्या चाकरीत किती मराठे होते आणि किती रजपूत, हे त्यास वाटेत भेटते. पडदा त्यास अर्धा तास छळ दाखवितो आणि तसेच रस्त्यावर सोडून देतो.

निर्मात्यांचा बचाव ठरलेला आहे आणि तो दुतोंडी आहे. जाहिरातीत 'आमच्या इतिहासाचे सोनेरी पान', 'आजवर दडविलेले सत्य'. आणि खेळ सुरू होण्यापूर्वी बारीक अक्षरांची एक पाटी झरकन येऊन जाते की हे काल्पनिक आहे, ऐतिहासिक सत्याचा आमचा दावा नाही. तिकीट विकताना इतिहासकार व्हावयाचे आणि फिर्याद आली की कादंबरीकार. व्यापारात ह्यास काय म्हणतात ते दुकानदारांस विचारावे.

परंतु जे ह्या चित्रपटांविरुद्ध रस्त्यावर उतरतात त्यांच्याशी माझे गोत्र जुळत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. नोव्हेंबर २०२२ मध्ये 'हर हर महादेव'चा खेळ ठाण्यातील एका चित्रपटगृहात बंद पाडण्यात आला आणि त्या गडबडीत एका प्रेक्षकास मार बसला. गडकऱ्यांचा पुतळा जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या उद्यानातून उखडून मुठेत टाकला गेला, तो शंभर वर्षांपूर्वीच्या त्याच अपुऱ्या नाटकाच्या रागाने. हे लोक आणि ते निर्माते परस्परांचे वैरी दिसतात. वस्तुतः दोघांचा सिद्धांत एकच आहे. इतिहास म्हणजे वतन, आणि वतनदाराचे मन राखले की काम झाले, असे दोघेही मानतात. अशा दडपणाखाली जो चित्रपट निघेल त्यात फक्त ज्यांचे वंशज उरले नाहीत किंवा ज्यांच्यामागे मते नाहीत तेच दुष्ट ठरतील. इंग्रजी अमदानीत सरकारी तपासनिसांनी शांतारामांच्या 'स्वराज्य तोरण' ह्या नावास हरकत घेतली, म्हणून इ.स. १९३० मध्ये तो चित्रपट 'उदयकाल' ह्या नावाने दाखवावा लागला. तेव्हा भय एका सरकारचे होते. आता प्रत्येक गल्लीत एक तपासनीस बसला आहे. बंदी मला नको. एकाही चित्रपटावर नको, ज्यांची वर मी निंदा केली त्यांवरही नको.

आणखी एक युक्तिवाद सभ्य गृहस्थांच्या तोंडून ऐकू येतो: "निदान ह्यामुळे मुले इतिहास वाचू तरी लागतात!" मी तीस वर्षे शिकवितो आहे. चित्रपट पाहून मुले ग्रंथालयात येतात हे खरे, दोनचार येतात. ती चित्रपटात पाहिलेला प्रसंग ग्रंथात शोधतात, आणि सापडला नाही की ग्रंथावर रुसतात. "सर, ह्यात ते नाहीच!" असे मला कितीदा तरी ऐकावे लागले आहे. इतिहासकारांनी मुद्दाम लपविले, ही शंका त्यांस लगेच येते. पडद्याविषयी मात्र तशी शंका येत नाही.

मग चित्रपटाने इतिहासास शिवूच नये काय? तसे म्हणणे अडाणीपणाचे होईल, कारण शंका पडद्यावर आणता येते हे सिद्ध झालेले आहे. जपानी दिग्दर्शक कुरोसावा ह्यांचा 'राशोमोन' इ.स. १९५० चा. एक माणूस मेला आहे. तो कसा मेला ह्याच्या चार साक्षी होतात, चारही डोळ्यांसमोर घडतात, आणि चारही जुळत नाहीत. प्रेक्षक निकालावाचून बाहेर पडतो, आणि तरीही त्यास फसविल्यासारखे वाटत नाही. इतके लांब जाण्याचेही कारण नाही. सत्यजित राय ह्यांचा 'शतरंज के खिलाडी' इ.स. १९७७ मध्ये आला. इ.स. १८५६ मध्ये अवधचे राज्य एक गोळीही न सुटता इंग्रजांनी गिळले, हा त्याचा विषय. त्यात लढाई नाही. असती तरी ती खोटीच असती, कारण लढाई झालीच नव्हती. वाजिद अली शाहाची कीव करावी, त्याचा तिरस्कार करावा की त्याचा मान राखावा, हे राय प्रेक्षकास सांगत नाहीत. नवाब तहावर सही करीत नाही, आपला मुकुट मात्र औट्रमपुढे धरतो, आणि इंग्रज रेसिडेंट गोंधळून जातो. आपणही गोंधळतो. चित्रपटावर टीका झाली तेव्हा राय ह्यांनी दिलगिरी व्यक्त केली नाही. आपण कोणते ग्रंथ वाचले, कोणते कागद पाहिले, ते सांगून त्यांनी टीकाकारास उत्तर दिले. मराठी पडद्यावर असे उत्तर देणारा दिग्दर्शक मला पाहावयाचा आहे.

त्यास विषयही मी सुचवितो, फुकट. इ.स. १७७३ च्या भाद्रपदानंतरचे पुणे घ्यावे. खून झालेला आहे, तो दाखवू नये. रामशास्त्री साक्षी घेत आहेत. गारदी एक सांगतात, वाड्यातले खिजमतगार दुसरे, आणि ज्यास दोषी ठरवावयाचे तोच आता धनी आहे. कोणी म्हणतो चिठी होती, कोणी म्हणतो त्यात 'धरावे' होते, कोणी म्हणतो आपण ती पाहिली नाही, फक्त ऐकले. आनंदीबाईस एकदा पुढे आणावे; तिच्या तोंडी कबुली घालू नये आणि इन्कारही घालू नये. चिठी शेवटपर्यंत सापडू नये. शास्त्रीबुवांस तरीही निकाल द्यावयाचा आहे. ह्या चित्रपटात घोडे लागणार नाहीत, तोफा लागणार नाहीत. एक ओसरी, दोन समया आणि चांगले नट पुरतील. त्या निबंधवाल्या मुलास मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "सर, हा चालणार नाही." कदाचित चालणार नाही. पहिल्या खेळाच्या दोन तिकिटांचे पैसे मी वेगळे काढून ठेवले आहेत. दुसरे तिकीट त्याचे.